आयटीत प्रोजेक्ट मॅनेजरची पहिली नोकरी: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मुलामुलींसाठी सगळं सविस्तर

आपल्याकडं इंजिनियरिंग, बीसीए, बीकॉम झालेल्या मुलामुलींचा एक प्रश्न सारखा असतो, की कोडिंगमध्ये फारसं मन लागत नाही पण आयटीत राहायचं आहे, मग प्रोजेक्ट मॅनेजर होता येईल का. होता येतंय की. पण आधी बघूया ते काम दिवसभर असतं तरी काय, कारण नावात मॅनेजर बघून घरच्यांना वाटतं पोरगं चार जणांना कामं वाटणार आणि केबिनमध्ये बसणार, आणि सुरुवातीच्या पोस्टला तसलं काहीच नसतं. तुमच्या हाताखाली कुणी नसतं. डेव्हलपरचा बॉस वेगळा, टेस्टरचा वेगळा, क्लायंटला तर तुम्ही काही सांगूच शकत नाही, आणि तरी तारीख चुकली की पहिला फोन तुम्हाला. अधिकार नसताना काम पुढं न्यायचं असतं. ते कशावर जमतं म्हणाल तर प्रत्येक कामापुढं एक नाव आणि एक तारीख लिहिलेली पाहिजे, आणि ती तारीख हलणार असेल तर ते इतरांच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे आणि तुमच्याकडून लगेच पुढं गेलं पाहिजे. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच्याच भोवती आहे.

पोस्ट कोणत्या नावानं शोधायची

"प्रोजेक्ट मॅनेजर" टाकून सर्च केलं तर पाच-आठ वर्षं अनुभव मागणाऱ्या जाहिराती दिसतात आणि पोरं तिथंच खचतात. सुरुवातीच्या जागा दुसऱ्या नावानं असतात, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजर, ज्युनियर प्रोजेक्ट मॅनेजर, पीएमओ ॲनालिस्ट, डिलिव्हरी कोऑर्डिनेटर. पीएमओ म्हणजे कंपनीतल्या सगळ्या प्रोजेक्टचा हिशोब ठेवणारा विभाग, तिथं रिपोर्ट आणि एक्सेल जास्त, क्लायंटशी बोलणं कमी. कोऑर्डिनेटरला दोन्ही थोडं थोडं मिळतं. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी कोऑर्डिनेटरची घ्या, कारण लोकांशी बोलायची सवय तिथंच लागते.

स्क्रम मास्टर, प्रॉडक्ट ओनर, बिझनेस ॲनालिस्ट ही कामं जवळची असली तरी वेगळी आहेत. प्रॉडक्ट ओनर ठरवतो काय बनवायचं आणि आधी काय, बिझनेस ॲनालिस्ट क्लायंटची गरज खोदून काढून लिहितो, स्क्रम मास्टर टीमची स्क्रम ही छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत नीट चालते का बघतो, आणि प्रोजेक्ट मॅनेजरकडं तारीख, पैसा, माणसं, धोके आणि सगळ्यांना सांगत राहणं. छोट्या कंपनीत हे चारही एकाच माणसाच्या गळ्यात पडतं, त्यामुळं इंटरव्ह्यूत सरळ विचारा, "सर, यातलं माझ्याकडं काय काय असेल?"

शिकायचं काय, पैसे कुठं घालायचे

महागडा क्लास आधी लावू नका. पुण्या-बेंगळुरूतल्या क्लासवाल्यांचे फोन येतात, पीएमपी करा म्हणून. पीएमपी ही पीएमआय या १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेची परीक्षा आहे आणि तिला चार वर्षांची डिग्री असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो, म्हणजे फ्रेशरला तिला बसताच येत नाही. फ्रेशरसाठी त्यांचीच कॅपम आहे, तिला बारावीपर्यंतचं शिक्षण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा २३ तासांचा अभ्यास पुरतो, पेपर १५० प्रश्नांचा, ३ तासांचा. फी भरावी लागते, त्यामुळं आधी घरी फुकटात जेवढं शिकता येईल तेवढं शिका, दोन-चार इंटरव्ह्यू द्या, आणि सर्टिफिकेटवाचून अडतंय असं वाटलं तरच भरा. भरायच्या आधी पीएमआयच्या साईटवर त्या वेळचे नियम वाचा.

फुकट काय आहे? स्क्रम गाइड नावाचा अधिकृत मजकूर, केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांचा, शेवटचा बदल २०२० चा, पानं थोडी आहेत, दोनदा वाचा. अजाईल म्हणजे बदल सामावून घेत थोडं थोडं काम पुरं करत जायची विचारपद्धत, तिचा अजाईल मॅनिफेस्टो २००१ चा आहे, सतरा जणांनी मिळून लिहिलेला, चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, तोही नेटवर आहे. यातली भाषा पाठ करू नका, प्रत्येक वाक्यापुढं स्वतःचं एक उदाहरण मराठीत लिहून बघा, लिहिता आलं तरच कळलं समजायचं.

टूल म्हणून जिराचं, म्हणजे टीमची कामं कुठवर आली ते ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, फुकट अकाउंट उघडा, दहा जणांपर्यंत पैसे लागत नाहीत. आणि एक्सेल नीट शिका, फिल्टर, पिव्होट, व्हीलूकअप, तारखांची वजाबाकी, सुट्ट्या सोडून कामाचे दिवस मोजणं. जिरा महिन्याभरात कुणालाही येतं, एक्सेल कच्चं असेल तर रोज अडतं.

अनुभव नाही, मग सीव्हीत लिहायचं काय

आपल्याकडची पोरं इथं स्वतःला फार कमी लेखतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. तुम्ही गल्लीच्या गणेश मंडळाचं काम बघितलं असेल, पोलिसांची परवानगी, महापालिकेची परवानगी, हेस्कॉमचं तात्पुरतं वीज कनेक्शन, मंडपवाला, मूर्तिकाराला ॲडव्हान्स, वर्गणीचा हिशोब, आणि हे सगळं एका न हलणाऱ्या तारखेच्या आत, कारण चतुर्थी पुढं ढकलता येत नाही. हा खराखुरा प्रोजेक्ट आहे. पण "मंडळाचा सक्रिय कार्यकर्ता" असं लिहिलं तर कोण वाचतंय? किती खर्चाचं होतं, किती लोकांकडून काम घेतलं, कोणती परवानगी अडकली, ती कशी सोडवली, वेळेत झालं का, हे चार ओळीत लिहा. आकडे खरेच लिहा, कारण पुढचा माणूस त्यावरच खोदून विचारतो.

दुसरा रस्ता म्हणजे ओळखीतल्या एखाद्या धंद्याचं छोटं काम हातात घेणं. घरचं किराणा दुकान असू दे, काकांचं हार्डवेअरचं दुकान असू दे, सोसायटीचं ऑफिस असू दे. दोन मित्र कोड लिहिणारे असतील तर तुम्ही कोड लिहू नका, तुम्ही प्लॅन करा, मिटिंग घ्या, लिहून ठेवा, पोचवा. दोन महिन्यांचं काम पुरे. इंटरव्ह्यूत "मी शिकलोय" पेक्षा "हा प्लॅन, हा बदल आला, ही तारीख अशी हलली" हे दाखवता आलं की समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

आता उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीला, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्याला, सॉफ्टवेअर पाहिजे. पॅटर्न, मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), तपासणी, डिस्पॅच, यात कोणत्या ऑर्डरचं कास्टिंग कुठं पोचलंय ते मालकांना मोबाईलवर दिसलं पाहिजे आणि कोणत्या हीटमध्ये (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूत) किती रिजेक्शन गेलं ते कळलं पाहिजे. तुमची कंपनी पुण्याची, दोन डेव्हलपर पुण्यात, टेस्टर बेंगळुरूत, आणि तुम्ही बेळगावात म्हणून क्लायंटकडं जाणं तुमच्याकडं.

पहिली पायरी: कामाची हद्द लिहून घ्या

पहिल्या मिटिंगला मालक सांगतात, "आमचं सगळं कॉम्प्युटरवर आणा की." या "सगळं"मध्येच प्रोजेक्ट बुडतात. तुमचं काम त्या शब्दाचे तुकडे करणं. मिटिंगला जाताना प्रश्न लिहून न्या, आणि फक्त मालकांना विचारून परत येऊ नका, शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं तिथं, सुपरवायझर अण्णांच्या शेजारी एक पूर्ण शिफ्ट उभं राहा, ते वहीत काय लिहितात ते बघा, त्या वहीच्या पानाचे फोटो परवानगी घेऊन काढा. मालकांना जे घडतंय असं वाटतं आणि शॉपमध्ये जे घडतं त्यात फरक असतोच.

उदाहरणार्थ रिजेक्शन. तुम्हाला वाटेल सोपं आहे, खराब निघालं की आकडा टाकायचा. पण कुठं निघालं? फेटलिंगला दिसलं, तपासणीत दिसलं, की माल पुण्याला गिऱ्हाइकाकडं गेला, त्यांनी मशीनिंग केलं आणि आत ब्लोहोल (पोकळी) निघाला म्हणून तीन आठवड्यांनी परत आला? तिसऱ्या प्रकारात त्या कास्टिंगचा हीट नंबर मागं जाऊन शोधायला लागतो, म्हणजे पूर्ण वेगळी स्क्रीन, वेगळा हिशोब, आठवडाभराचं जास्तीचं काम. हे पहिल्या आठवड्यात विचारलं तर एक ओळ वाढते, तिसऱ्या महिन्यात कळलं तर भांडण होतं.

मग दोन याद्या करा. एकात काय करणार, दुसरीत काय करणार नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची आणि नवीन लोक नेमकी तीच लिहीत नाहीत. पगार नाही, हजेरी नाही, जीएसटी रिटर्न नाही, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बदलणार नाही, टॅलीत फक्त डिस्पॅचची माहिती पाठवणार. भाषा हा पण हद्दीचाच भाग आहे बरं का. आपल्याकडं सुपरवायझर कन्नड किंवा मराठी वाचणारा, काही कामगार फक्त हिंदी समजणारे, ऑफिसात इंग्रजी. मग स्क्रीन किती भाषांत, शब्द कोण लिहून देणार, कोण तपासणार, केव्हा, हे आत्ताच ठरवा, "नंतर बघूया" म्हटलं की ते काम कुणाचंच राहत नाही.

हे सगळं दोन पानांत लिहून मालकांना मेल करा आणि "बरोबर आहे" असं लेखी उत्तर घ्या. फाउंड्रीतले मालक मेल वाचत नसतील तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा, समोर बसून वाचून दाखवा, आणि त्यांचं "ओके" आलं की ते मेलवर चढवून ठेवा. आपल्याकडं शब्दावर धंदा चालतो आणि ती चांगलीच गोष्ट आहे, पण कागद असला की शब्द देणाऱ्यालाही आठवायला सोपं जातं.

दुसरी पायरी: कामाचे तुकडे आणि दिवस

डेव्हलपरला "किती दिवस लागतील?" असं विचारलं की तो चांगल्यातला चांगला आकडा सांगतो. तसं विचारू नका. तीन आकडे मागा, सगळं सुरळीत झालं तर किती, साधारण किती, आणि सगळं बिघडलं तर किती. मग साधारणला चारनं गुणा, बाकीचे दोन त्यात मिळवा, सहानं भागा. समजा डिस्पॅचच्या स्क्रीनला ४, ६ आणि १४ दिवस सांगितले, तर ४ अधिक २४ अधिक १४ म्हणजे ४२, भागिले ६, म्हणजे ७ दिवस धरायचे. या पद्धतीला पर्ट म्हणतात. पण खरा फायदा त्या सातच्या आकड्यात नाहीच, तुम्ही विचारता "१४ का रे?" आणि तो सांगतो "टॅलीवाल्यानं माहिती उशिरा दिली तर", तिथं आहे. धोका तुम्हाला फुकटात सापडला की.

आता कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते मांडा. स्क्रीनचं डिझाईन ५ दिवस, मग ॲपचं काम ८ दिवस, हा झाला एक रस्ता, १३ दिवस. दुसरीकडं टॅलीवाल्याकडून माहिती यायला ७ दिवस, मग जोडणी १० दिवस, हा दुसरा रस्ता, १७ दिवस. दोन्ही संपल्यावर टेस्टिंग ५ दिवस. म्हणजे सगळं २२ दिवसांत होतं आणि ते २२ ठरतात टॅलीच्या रस्त्यानं. डिझाईनवाल्याला ४ दिवस उशीर झाला तरी तारीख हलत नाही, पण टॅलीवाल्यानं एक दिवस जास्त लावला तर शेवटची तारीख एक दिवस गेली. याला क्रिटिकल पाथ म्हणतात, आणि नवीन माणसाला हे कळलं की रोज फोन कुणाला करायचा ते कळतं. बहुतेक जण समोर दिसणाऱ्या डेव्हलपरच्या मागं लागतात आणि बाहेरच्या टॅलीवाल्याला आठवड्यातून एकदा मेसेज करतात, बरोबर उलटं पाहिजे.

सुट्ट्यांचं कॅलेंडर. हे आपल्या सीमाभागातल्या माणसाइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमत नाही असं मी म्हणेन. टीम पुण्यात आणि बेंगळुरूत असेल तर १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी, पुण्यात काम चालू. १९ फेब्रुवारीला पुण्यात शिवजयंतीची सुट्टी, बेंगळुरूत काम चालू. आणि आपल्या बेळगावची शिवजयंती वैशाखात, चित्ररथांची मिरवणूक असते त्या दिवशी शहरात माणूस कामाला सापडत नाही. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी, तिथं दोन्हीकडं बंद. गणपतीत तर फाउंड्रीत नवीन काही शिकवायला जाऊच नका, माणसं मंडळात असतात, काही गावाला गेलेली असतात. ही सगळी कॅलेंडरं एका शीटमध्ये घालून पहिल्याच आठवड्यात टीमला पाठवा, नवीन असून तुमच्याबद्दल विश्वास तयार होतो.

तिसरी पायरी: रोजचं काम

सकाळी टीमची छोटी मिटिंग असते, स्क्रममध्ये तिला १५ मिनिटांची मर्यादा आहे. प्रत्येकाकडून काल काय केलं याची गोष्ट ऐकत बसू नका, अडलंय कुठं ते ऐका. कुणी म्हणालं "चालू आहे, होईल", तर प्रेमानं विचारा, "दादा, आजच्या आज काय संपेल?" उत्तर आलं नाही तर काहीतरी अडलंय, मिटिंग संपल्यावर एकट्याला फोन करा, सगळ्यांसमोर खोदू नका. लोक सगळ्यांसमोर अडचण सांगत नाहीत, एकट्यात सांगतात.

मिटिंग झाली की अर्ध्या तासात नोंद पाठवा. लांबलचक अहवाल नको. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. नाव एकच लिहा. "टीम बघेल", "आपण करूया" असलं लिहिलं की ते काम कुणीच करत नाही. दोघांनी मिळून करायचं असलं तरी विचारायचं कुणाला, ते एक नाव.

एक शीट रोज उघडी ठेवा, तिच्यात चार भाग, होऊ शकणाऱ्या अडचणी, झालेल्या अडचणी, आपण गृहीत धरलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यांवर अवलंबून असलेली कामं. इंग्रजी पहिल्या अक्षरांवरून तिला रेड (RAID) म्हणतात. "भट्टीजवळ वायफाय पोचेल" हे गृहीत धरलंय का? मग लिहा, आणि टॅब्लेट घेऊन तिथं उभं राहून बघून या. शॉपमध्ये धूळ, हातात ग्लोव्ह्ज, मधेच लाईट जाते, यातलं काहीही पुण्यातल्या डेव्हलपरला दिसत नाही, ते दाखवणं तुमच्याकडं.

शुक्रवारी स्टेटस. एका पानाचं पुरे. असं काहीतरी लिहा:

"या आठवड्यात मोल्डिंग आणि मेल्टिंगच्या स्क्रीन पूर्ण, सुपरवायझरनी बघितल्या. टॅलीची माहिती अजून आलेली नाही, मंगळवारपर्यंत नाही आली तर शेवटची तारीख दोन दिवस पुढं जाईल. तुमच्याकडून हवं: टॅलीवाल्यांना सोमवारी एक फोन. पुढच्या आठवड्यात: डिस्पॅच स्क्रीन."

बघा, यात मालकांकडून काय पाहिजे तेही आहे. नुसती माहिती दिली तर लोक वाचून सोडून देतात.

चौथी पायरी: वाईट बातमी लवकर सांगा

या नोकरीत सगळ्यात अवघड हेच आहे. आपल्याकडची मुलं मोठ्यांना "नाही" म्हणताना घाबरतात, संस्कार तसे असतात, आणि मग उशीर होतोय हे माहीत असून "बघतो सर, होईल सर" चालू राहतं. पुण्याच्या मॅनेजरला उशीर झाल्याचा राग येत नाही एवढा शेवटच्या दिवशी कळल्याचा येतो. दोन आठवडे आधी सांगितलं तर तो क्लायंटशी बोलू शकतो, काम कमी करू शकतो, माणूस देऊ शकतो. आदल्या रात्री सांगितलं तर तो फक्त माफी मागू शकतो.

सांगताना रिकाम्या हातानं जाऊ नका. काय झालं, त्यामुळं काय होणार, आपल्यासमोर कोणते दोन-तीन मार्ग, आणि तुम्हाला कोणता बरा वाटतो. असं: "मॅडम, टॅलीवाल्यांनी अजून माहिती दिली नाही, त्यामुळं २० तारीख २४ वर जातेय. एक, आपण टॅलीशिवाय २० ला चालू करू आणि आठवड्यानं जोडू. दोन, सगळं एकदम २४ ला. मला पहिलं बरं वाटतंय, कारण शॉपमधल्या लोकांना तोवर सवय होईल. तुम्ही सांगा." बस. याच्यात रडगाणं नाही, कुणावर बोट नाही.

आणि उशीर झाला की लगेच "अजून दोन माणसं द्या" म्हणू नका. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या मोठ्या कामाच्या अनुभवावरून १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी उशिरा होतं. नवीन माणसाला शिकवायला जुन्याचा वेळ जातो, आणि बोलायचे धागे वाढतात, सहा जण असतील तर आपापसात १५ जोड्या, दहा झाले की ४५. बऱ्याचदा काम कमी करणं हा माणसं वाढवण्यापेक्षा चांगला उपाय असतो.

पाचवी पायरी: मधेच बदल आला की

येणारच. मालक म्हणतील, "एवढं केलंय तर गेटपास पण घाला की, काय मोठं काम आहे?" लगेच हो म्हणू नका, लगेच नाही पण म्हणू नका. "मालक, बघून उद्या सांगतो" म्हणा आणि खरंच उद्या सांगा. डेव्हलपरला विचारा किती दिवस, टेस्टिंगवर किती फरक, पैसे किती, मग लिहून द्या, हे घातलं तर तारीख चार दिवस पुढं आणि खर्च एवढा, नाही घातलं तर दुसऱ्या टप्प्यात घेऊ. निर्णय त्यांचा. डेव्हलपरला परस्पर फोन करून मालक छोटे बदल सांगत असतील तर ते प्रेमानं पण ठामपणे बंद करा, कारण असल्या पाच-सहा "छोट्या" कामांनीच आठवडा जातो आणि तुमच्या शीटवर काहीच दिसत नाही.

सहावी पायरी: तपासणी आणि चालू करणं

टेस्टर सॉफ्टवेअर तपासतो, पण ते कामाचं आहे का हे वापरणारा माणूसच सांगू शकतो. त्यासाठी खऱ्या ऑर्डर, खरे हीट नंबर घेऊन अण्णांना स्वतः करायला लावा, तुम्ही हात मागं बांधून उभं राहा. कुठं थांबतात, कुठं चुकीचं बटण दाबतात, ते लिहा.

आपल्या भागासाठी एक टेस्ट केस मुद्दाम सांगतो. बेळगावची फाउंड्री कोल्हापूरला माल पाठवते तेव्हा अंतर दोन-अडीच तासांचं पण राज्य बदलतं, म्हणून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी. तोच माल पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला गेला तर राज्य एकच, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा वेगवेगळा. कोल्हापूरला जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद. बेंगळुरूत बसलेला टेस्टर बहुतेक सगळ्या ऑर्डर राज्यातल्याच टाकून तपासतो, आणि फाउंड्रीचा निम्मा माल जर हद्दीपलीकडं जात असेल तर चालू केल्या दिवशीच बिलं चुकतात. असल्या गोष्टी तुम्हाला इथं राहून माहीत आहेत, त्या यादीत घालणं तुमच्याशिवाय कोण करणार?

चालू करायचा दिवस शुक्रवार ठेवू नका, महिनाअखेर ठेवू नका, मार्च तर नाहीच. सोमवार-मंगळवार ठेवा. पहिले दोन आठवडे जुनी वही आणि नवीन सॉफ्टवेअर दोन्ही चालू द्या, रोज संध्याकाळी आकडे जुळवा, कामगारांना दुप्पट त्रास होतो हे मान्य, म्हणून त्याची शेवटची तारीख आधीच सांगा. आणि बिघडलं तर परत वहीवर कसं यायचं, ते कोण ठरवणार, तेही लिहून ठेवा.

राहायचं कुठं, बोलायचं कसं

बेळगावात व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, इंजिनियरिंग कॉलेजं आहेत, पण या कामाच्या नोकऱ्या इथं थोड्याच, हे खरं आहे. हुबळी-धारवाडकडं बघा, पुणे आणि बेंगळुरू तर आहेच. माझा सल्ला, पहिली दोन वर्षं ऑफिसात जाऊन काम करा, घरून नको. मोठा माणूस चिडलेल्या क्लायंटशी फोनवर कसा बोलतो, हे शेजारी बसूनच शिकता येतं. नंतर घरून करायला मिळालं तर इथलाच क्लायंट सांभाळायला मागा.

भाषेचा न्यूनगंड सोडा. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येणारा माणूस बेंगळुरूच्या टीमला, पुण्याच्या मॅनेजरला आणि शॉपमधल्या सुपरवायझरला एकाच दिवसात भेटू शकतो, ही सीव्हीत वरच्या भागात लिहायची गोष्ट आहे. कन्नड मोडकं असेल तर सुधारून घ्या, राजकारण बाजूला राहू दे, समोरच्या माणसाशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोललं की तो अडचण लवकर सांगतो. इंग्रजीचं म्हणाल तर बोलणं सावकाश सुधारतं, पण लिहिणं तीन महिन्यांत सुधारता येतं. रोज एक स्टेटस मेल लिहायची सवय लावा, छोटी वाक्यं, प्रत्येक वाक्यात कोण आणि कधी.

इंटरव्ह्यूत हमखास येणारे प्रश्न: तारीख चुकणार हे कळल्यावर काय कराल, डेव्हलपर ऐकत नसेल तर काय कराल, क्लायंट मधेच काम वाढवतो तर काय कराल. तिन्हीची उत्तरं वर आली आहेत, पण ती तशीच पाठ करून बोलू नका, मंडळातलं, दुकानातलं, कॉलेजच्या फेस्टमधलं स्वतःचं खरं उदाहरण घालून सांगा. आणि जायच्या आधी एका कागदावर तुमच्या त्या छोट्या कामाचा प्लॅन, रेड शीट आणि एक स्टेटस मेल छापून फाईलमध्ये घेऊन जा, विचारलं की लगेच टेबलावर ठेवता येतं.